छोट्या प्रकाशकाकडून थेट ईबुक घ्यावं का? माझा तीन वर्षांचा अनुभव

मागच्या आठवड्यात एका छोट्या प्रकाशनाच्या साइटवरून कादंबरीचं ईबुक घेतलं, १४० रुपये, यूपीआयने. चहाचं आधण उकळायच्या आत मेलवर ईपब फाइल (ईबुकचा एक फॉरमॅट) आली पण. ती आईच्या टॅबवर टाकली, अक्षर चांगलं मोठं करून दिलं, आणि रात्री जेवायला हाक मारली तर आतून आवाज, "अगं थांब जरा, एवढं प्रकरण होऊ दे." आई ७४ वर्षांची आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि छापील पुस्तक हातात घेणं तिने जवळजवळ दीड वर्ष सोडून दिलं होतं. जी बाई आयुष्यभर लायब्ररीची दोन दोन कार्डं सांभाळायची ती दुपारभर नुसती खिडकीत बसलेली बघवत नव्हती. त्यामुळे या विषयावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, वाचायला वेळ लागेल.

हा रिव्ह्यू कुठल्या एका दुकानाचा नाही, थेट प्रकाशकाकडून ईबुक घेणं या सगळ्या प्रकाराचाच आहे. तीन वर्षांत मी सात छोट्या प्रकाशकांकडून मिळून २३ ईबुकं घेतली, त्यातली चार वाईट निघाली, बाकीची चांगली आणि दोन-तीन तर इतकी सुंदर केलेली की छापील प्रतीपेक्षा मला तीच आवडली. ज्यांच्याकडे वाईट अनुभव आला त्यांची नावं लिहीत नाही, दोन-तीन माणसांचं ऑफिस असतं, माझ्या एका रिव्ह्यूने त्यांचं पुढचं पुस्तक अडावं असं मला अजिबात वाटत नाही.

आधी हे सांगते की ॲमेझॉनचं किंडल हाताशी असताना थेट घ्यायच्या भानगडीत मी पडलेच का. किंडलवर मराठी डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा मला कोण आनंद झाला होता, माझं पेपरव्हाइट किंडल अजून वापरते, यंत्र म्हणून काही तक्रार नाही. पण तिथे आपण पैसे भरतो ते वाचायच्या परवानगीचे, पुस्तक आपलं होत नाही हे हळूहळू लक्षात आलं. २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत केले ते ठीक, पण रात्रीत पुस्तक गायब. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ईबुकांचं दुकानच बंद केलं, तिथेही पैसे परत मिळाले आणि पुस्तकं उघडेनाशी झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय काढून टाकली, म्हणजे आपली प्रत आपल्याकडे जपून ठेवायची एक सरळ वाट होती ती पण गेली. हे सगळं वाचल्यावर माझ्यासाठी पहिला प्रश्न तयार झाला, जो मी आजही कुठल्याही साइटवर गेले की आधी बघते: पैसे भरल्यावर फाइल माझ्या हातात देणार का, की तुमच्याच ॲपमध्ये उघडायची?

कारण ॲपचा फटका मला बसलाय. एका प्रकाशकाने स्वतःचं ॲप काढलं होतं, छान दिसायचं, मी उत्साहाने सहा पुस्तकं घेतली. पुढे फोन बदलला, नव्या फोनवर ॲप इन्स्टॉल व्हायचं पण लॉगिनच्या पुढे जायचं नाही. फोन केला तर तिकडचे काका फार सौजन्याने बोलले, पण म्हणाले, "मॅडम, ज्यांनी ॲप बनवून दिलं ती एजन्सीच आता नाही, आम्हालाही आत शिरता येत नाहीये." त्यांचा तरी काय दोष, त्यांचे पण पैसे बुडलेच. माझी सहा पुस्तकं मात्र गेली ती गेली, त्यातली दोन अर्धी वाचून झाली होती. बुकगंगासारखं मोठं आणि कितीतरी वर्षं टिकलेलं ठिकाण असेल तर त्यांच्या ॲपमध्ये वाचायला माझी ना नाही, पण तीन माणसांच्या प्रकाशनाने स्वतंत्र ॲपच्या नादी लागू नये असं माझं आता पक्कं मत झालंय. ईपब द्या, पीडीएफ द्या, झालं.

आता ईपब की पीडीएफ, यावर आमच्या वाचकांच्या ग्रुपात खूप चर्चा होते, आणि बऱ्याच जणांना वाटतं की काय फरक पडतो, वाचायचंच तर आहे. फरक फार पडतो हो. नेहमीच्या कादंबरीएवढ्या, म्हणजे डेमी साइजच्या पुस्तकाची पीडीएफ फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, मोठी करायला गेलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे पान सरकवत बसा. आईने असं दोन पानं वाचलं आणि टॅब बाजूला ठेवून दिला. ईपबमध्ये अक्षर वाढवलं की मजकूर आपोआप नव्याने मांडला जातो, ओळ स्क्रीनच्या आतच राहते. ही फाइल म्हणजे आतून वेबपानांचा एक बांधलेला गठ्ठाच असतो, म्हणून हे जमतं. शिवाय फोनला मराठी वाचून दाखवता येतं, आई मेथी निवडत बसली की मी ते लावून देते, आवाज जरा यंत्रासारखाच आहे पण तिला चालतं. किंडलवर टाकायला पण २०२२ पासून ईपब सरळ पाठवता येते. फक्त कविता आणि लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मी पीडीएफमध्येच घेते, कवितेच्या ओळी ईपबमध्ये वाट्टेल तिथे तुटतात आणि ते वाचताना त्रास होतो.

पण ईपब लिहिलंय म्हणून डोळे झाकून पैसे भरू नका, कारण मराठीत खरी मेख अक्षरातच आहे. आपल्याकडची कितीतरी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली आहेत, आता सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालतं त्या युनिकोडमध्ये नाहीत. ती कन्व्हर्टरमधून काढली आणि कोणी नीट वाचलीच नाहीत तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. जुन्या फॉन्टात र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, त्यामुळे कन्व्हर्ट केल्यावर "विचार"चं "िवचार" होतं, शब्दाच्या सुरुवातीला एक ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी. "दुसऱ्या"चं "दुसर्या", "वाऱ्यावर"चं "वार्यावर", म्हणजे आपला तो अर्धा र जाऊन डोक्यावर रफार बसतो. एखाद्या पानावर एकदा असेल तर आपण पुढे जातो, पण एका अनुवादित पुस्तकात पहिल्याच पानावर मला अशा अकरा जागा सापडल्या, मोजल्या चक्क.

त्या पुस्तकाचीच गोष्ट सांगते कारण माझा या सगळ्यावरचा विश्वास तिथे बसला. मी वैतागून मेल केला, सोबत पाच-सहा पानांचे स्क्रीनशॉट जोडले, वाटलं होतं उत्तर येणारच नाही. संध्याकाळी प्रकाशकांचा स्वतःचा फोन. "ताई, मूळ फाइल श्रीलिपीतली होती, बाहेरून कन्व्हर्ट करून घेतली आणि आम्ही फक्त सुरुवातीची काही पानं चाळली, चूक आमची आहे, चार दिवस द्या." चार दिवस म्हणाले आणि पाचव्या दिवशी नवीन फाइल आली, सगळी दुरुस्त केलेली. पूर्ण पुस्तक पुन्हा वाचून काढलं होतं त्यांनी, मी न कळवलेल्या चुकाही गेल्या होत्या. आणि आधी ज्यांनी घेतलं होतं त्या सगळ्यांनाही पाठवली. छापील पुस्तकात चूक राहिली तर दुसऱ्या आवृत्तीची वाट बघायची, आणि मराठीत दुसरी आवृत्ती निघेलच याची काय खात्री. त्यानंतर त्यांच्याकडून मी आणखी पाच पुस्तकं घेतली, दोन तर विषयात मला फारसा रस नसताना.

म्हणून आता मी विकत घ्यायच्या आधी काय करते तर नमुना पानं उघडते, आणि ती सुद्धा नीट बघते. बऱ्याच साइटवर नमुना म्हणून काय देतात? मुखपृष्ठ, मग हक्क-किंमत वगैरेचं पान, अर्पणपत्रिका, मग प्रस्तावना बारा-चौदा पानं, मग लेखकाचं मनोगत, आणि मजकूर सुरू होणार तोच नमुना संपला! आपल्याकडे प्रस्तावनेचा सोस आहेच, मला प्रस्तावना वाचायला आवडते पण, तरी त्यावरून पुस्तकाची भाषा कशी आहे, अनुवाद वाचवतोय का, अक्षरं शाबूत आहेत का यातलं काहीच कळत नाही. जो प्रकाशक मधल्या प्रकरणाची सलग दहा पानं, आणि तीही ज्या फॉरमॅटमध्ये विकतोय त्याच फॉरमॅटमध्ये देतो, त्याच्याकडे माझा हात लगेच पर्सकडे जातो. असे सातातले दोनच भेटले. बाकीच्यांना मी सरळ मेसेज करून मधली दोन पानं मागते. देतात हो, विचारायला लाजू नका. आणि मेसेजला उत्तर किती वेळात आणि कसं येतं यावरूनही पुष्कळ कळतं, उद्या फाइल उघडली नाही तर हाच माणूस फोन उचलणार आहे.

एकदा मी हे केलं नाही आणि फसले. पुस्तक दुर्मिळ, कधीचं हवं होतं, १९९ रुपये, साइटवर नुसतं "ईबुक" लिहिलेलं. आलं काय तर स्कॅन. पानं तिरकी, कडेला स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याची सावली, आणि ८६ आणि ८७ ही दोन पानं नाहीतच. ८५ संपलं की थेट ८८. तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, १८४० सालची लायब्ररी आहे ही, तिथे जाऊन छापील प्रत मागितली आणि उभ्या उभ्या ती दोन पानं वाचली. जुन्या पुस्तकाचं स्कॅन विकायला माझा विरोध नाही, काही पुस्तकं नाहीतर मिळणारच नाहीत, पण मग तसं स्पष्ट लिहा, किंमत तशी ठेवा आणि पानं तरी मोजून घ्या. "स्कॅन केलेली पीडीएफ, २१२ पानं" एवढं लिहायला किती वेळ लागतो?

किमतीबद्दल माझं मत या तीन वर्षांत बदललंय. आधी मी पण म्हणायचे की छपाई नाही, कागद नाही, कुरियर नाही, मग ३०० च्या पुस्तकाचं ईबुक २४० ला कसं? आता थोडं आत डोकावल्यावर कळतं की संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, अनुवादाचे हक्क हे सगळे खर्च तसेच राहतात. वर टॅक्सचं पण बघा, छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण ईबुकवर आहे, जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला तो सुद्धा छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांसाठीच, फक्त ईबुक म्हणूनच काढलं तर १८ टक्के. म्हणजे नवीन लेखकाचं पुस्तक छापायचा खर्च झेपत नाही म्हणून कोणी नुसतं ईबुक काढायला गेला तर त्यालाच जास्त टॅक्स. हे मला फार अन्यायाचं वाटतं, यावर कोणी बोलत कसं नाही.

आणि ॲमेझॉनवर स्वतःहून पुस्तक टाकणाऱ्यांना रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के असते, पण भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट नावाच्या योजनेत घालावं लागतं, आणि तिथे अट अशी की त्या काळात ते ईबुक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, स्वतःच्या साइटवर सुद्धा नाही. बरेचदा आपण विचारतो ना की हे पुस्तक तुमच्या साइटवर का नाही, त्याचं कारण हे असू शकतं. हे कळल्यापासून जो छोटा प्रकाशक फाइल स्वतः विकतोय त्याच्याबद्दल मला वेगळाच आदर वाटायला लागला. माझा हिशोब आता असा आहे की छापील किमतीच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत मी विचार न करता देते, चांगला अनुवाद असेल तर सत्तर, त्याच्या वर असेल तर छापीलच घेते.

कुलूप लावण्याचा मुद्दा राहिला. छोट्या प्रकाशकांना टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफची भीती असते आणि ती खरी आहे, आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर एकाने "वाचनप्रेमींसाठी भेट" म्हणून चाळीस पुस्तकांचा गठ्ठा टाकला होता, त्यात हयात लेखकांची कितीतरी. मी तिथल्या तिथे लिहिलं की हे काढा, दोन-चार जणांना राग आला, येऊ दे. फुकटच वाचायचं असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मोफत पुस्तकं देतं, तिथे जा ना. पण चोरीवर उपाय म्हणून फाइलला डीआरएमचं कुलूप घातलं, म्हणजे ती दुसऱ्याच्या यंत्रावर उघडूच नये अशी सोय केली, की त्रास होतो तो पैसे भरणाऱ्यालाच. अमेरिकेतल्या बेन बुक्स या प्रकाशनाने १९९९ पासून ईबुकं बिनकुलपाची विकली, टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये कुलूप काढलं आणि वर्षभराने त्यांच्या ब्रिटनमधल्या लोकांनी सांगितलं की चोरी वाढल्याचं काही दिसलं नाही. आपल्याकडे मी ज्यांच्याकडून घेते त्यातले दोन प्रकाशक पहिल्या पानावर खरेदीदाराचं नाव छापून फाइल पाठवतात. "ही प्रत अमुक यांच्यासाठी." मला ते फार आवडतं, आपण आतल्या पानावर नाव आणि तारीख घालायचो तसंच वाटतं.

माझा दादा स्टुटगार्टला असतो, त्याला मराठी पुस्तकं हवी असतात आणि २५० च्या पुस्तकाला पोस्टेजच हजाराच्या वर जातं, त्यामुळे ईबुक त्याच्यासाठी वरदानच आहे. पण इथल्या बहुतेक छोट्या साइटवर त्याचं तिकडचं कार्ड चालत नाही, फक्त यूपीआय नाहीतर भारतातलं कार्ड. मग मी इथून घेते, आणि त्याच्या नावाने वेगळी प्रत घेते, माझीच फाइल पुढे ढकलत नाही. तो सुरुवातीला म्हणाला, "अगं वेडी का तू, घरातल्या घरात काय चोरी?" पण मला ते पटत नाही, प्रकाशकाने कुलूप न लावता फाइल माझ्या हातात दिली ती विश्वासाने दिली. प्रकाशकांनो, परदेशी कार्ड चालेल असं काहीतरी करा मात्र, तिकडे बसलेली किती माणसं पैसे हातात घेऊन उभी आहेत तुम्हाला कल्पना नाही.

व्यवहाराचं म्हणाल तर दोन प्रकार दिसतात. काहींची साइट नीट असते, पैसे भरले की लिंक येते, ती बहुतेक दोन-तीन दिवसच चालते म्हणून लगेच उतरवून घ्यायची. मी एकदा गावाला होते, लिंक संपली, मेल केल्यावर नवी दिली. काहींचं मात्र सगळं व्हॉट्सॲपवर, क्यूआर पाठवतात, आपण स्क्रीनशॉट टाकायचा, मग ऑफिसातलं कोणीतरी बघून फाइल मेल करतं. रविवारी पैसे भरले तर सोमवारी दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवा. सुरुवातीला मला हे अगदी धोक्याचं वाटायचं, पण आजवर माझे पैसे असे बुडालेले नाहीत. तरी नवीन प्रकाशक असेल तर त्यांच्याकडचं सगळ्यात स्वस्त पुस्तक आधी घेऊन बघते, ५०-६० रुपयांचं, फाइल कशी आहे ते त्यातच कळतं. आलेली फाइल त्याच दिवशी ड्राइव्हवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवते.

गुण द्यायचेच तर थेट खरेदीला एकूण पाचपैकी चार. एक कमी केला तो नमुना पानांसाठी, कारण तिथे अजून फार आनंदीआनंद आहे. ज्यांना अक्षर मोठं लागतं, जे मुंबई-पुण्याबाहेर राहतात आणि ज्यांच्या गावात चांगलं पुस्तकाचं दुकान नाही त्यांनी एकदा तरी घेऊन बघाच.

आईची ती कादंबरी परवा संपली. टॅब माझ्यासमोर धरून म्हणाली, "यांच्याकडे अजून काय काय आहे ते दाखव." यादी उघडून दिली, तर तिने स्वतःच्या बोटाने खाली सरकवत तीन नावं सांगितली, एकाचं नमुना पान वाचलं आणि म्हणाली हे नको, याची भाषा जड आहे. उरलेल्या दोन पुस्तकांचे २६० रुपये आत्ताच भरलेत.